जेलमध्ये अक्षरं शिकलेला रिक्षावाला: मनोरंजन ब्यापारी यांची केस

जेलमध्ये लिहिण्या-वाचण्याचे क्लास घेणारी मंडळी भेटली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, माणूस लिहायला लागला की सुधारतो. मला हे कधीच पचलं नाही, कारण उत्तम लिहिणारे आणि तितकेच बेरकी लोक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. म्हणून म्हटलं एकच केस घेऊ आणि पहिल्यापासून नीट बघू, कुठे काय झालं, कोणामुळे झालं, आणि मुख्य म्हणजे काय झालं नाही.

केस आहे मनोरंजन ब्यापारी यांची. बंगाली लेखक, कोलकात्याचे. पेपरात त्यांची गोष्ट तीन ओळीत येते: नक्षल चळवळीत जेलमध्ये गेले, तिथे अक्षरं शिकले, बाहेर येऊन रिक्षा ओढली आणि मोठे लेखक झाले. वाचायला मस्त वाटतं, शेअरही होतं. पण त्या तीन ओळींत चाळीस वर्षं कोंबलेली आहेत आणि खरी गंमत, म्हणजे खरा त्रास, त्या कोंबलेल्या भागात आहे.

आधीचं सगळं

जन्म साधारण १९५० चा, पूर्व बंगालातल्या बारिसाल भागात, नमशूद्र कुटुंबात. ही जात १९११ च्या जनगणनेपर्यंत सरकारदप्तरी चांडाळ म्हणून लिहिली जायची, बऱ्याच मोठ्या लढ्यानंतर नमशूद्र नाव लागलं. आपल्याकडच्या वाचकाला हा भाग अगदीच परका नाही खरं तर. १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबईतून नाही, बंगालमधून, आणि त्यासाठी जोर लावणारे जोगेंद्रनाथ मंडल याच बारिसालचे, याच समाजाचे. म्हणजे आपल्या इतिहासाचा एक धागा त्या मातीत अडकलेला आहे, आपण तो फक्त १४ एप्रिलच्या भाषणात आठवतो.

फाळणी झाली. वरच्या जातींचे जे बंगाली आले त्यांच्यातल्या अनेकांचे कोलकात्यात नातेवाईक होते, ओळखीपाळखी होत्या, त्यांनी शहराच्या कडेला मोकळ्या जागा धरून कॉलन्या वसवल्या. खालच्या जातीच्या शेतमजुरांच्या वाट्याला छावण्या आल्या. ब्यापारींचं कुटुंब बांकुरा जिल्ह्यातल्या शिरोमणीपूरच्या छावणीत राहिलं. मग सरकारने म्हटलं तुम्ही दंडकारण्यात जा. १९५८ ला निर्वासितांना तिथे वसवायचा प्रकल्प सुरू झाला होता, बस्तर, कोरापुट, मलकानगिरीची जंगलं. (बंगाली निर्वासितांची गावं आपल्या गडचिरोलीतही आहेत, मूलचेरा आणि चामोर्शीच्या बाजूला गेलात तर अजून बंगाली ऐकू येतं.) ज्यांनी जायला नकार दिला त्यांची सरकारी मदत बंद. वडिलांनी नकार दिला, मदत बंद झाली आणि घरात उपासमार सुरू झाली. शाळेचं नावच नाही.

चौदाच्या आसपास पोरगा घरातून पळाला. आसाम, लखनौ, अलाहाबाद, मिळेल तिथे मिळेल ते काम, चहाच्या टपरीवर कपबश्या, हॉटेलात भांडी, आणि कित्येकदा काम करून घेऊन पैसेच द्यायचे नाहीत असले मालक. मी हा भाग पटकन उरकतोय पण त्यांनी स्वतः तो उरकलेला नाही, आत्मकथनात आणि नंतरच्या कादंबऱ्यांतही पुन्हा पुन्हा तिथेच जातात ते. मला वाटतं राग सगळा तिथला आहे, नक्षलबारीने त्या रागाला नंतर नुसतं नाव दिलं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात म्हणजे कोलकाता पेटलेलं. नक्षल पोरं, त्यांना मारणारी पोरं, पोलीस, सगळ्यांच्या हातात काही ना काही. ब्यापारी यात ओढले गेले. ओढले गेले असं म्हणणं जरा सौम्य आहे, ते होतेच त्यात, मारामाऱ्यांत होते आणि हे त्यांनी कुठे लपवलेलं नाही. मला या केसमध्ये सर्वात आधी आवडलेली गोष्ट ही, की माणूस स्वतःला निष्पाप म्हणवून घ्यायला बसलेला नाही. मग अटक आणि जेल.

जेलमध्ये नक्की काय झालं

इथे कार्यक्रम वगैरे काही नव्हता. साक्षरता मिशन नाही, एनजीओ नाही, सर्टिफिकेट नाही. एक वयस्क कैदी होता, शिकलेला. त्याने याला जेलच्या काँक्रीटमधून फुटलेलं एक रोपटं दाखवलं, त्या झाडाला जर तिथून रस मिळतो तर तुलाही मिळेल अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला, आणि अक्षरं शिकवायला सुरुवात केली. वही नाही, पेन नाही, जेलच्या मातीत काडीने गिरवायचं. वय साधारण चोवीस. आपल्याकडे पहिलीतलं पोर पाटीवर काढतं ती अक्षरं हा दाढीमिशांचा माणूस जमिनीवर काढत बसलेला, आणि बाजूने येणारे जाणारे काय काय बोलत असतील ते तुम्हीच कल्पना करा.

आपल्याला जेल आणि पुस्तक ही जोडी नवी नाही. गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिलं गेलं, श्यामची आई नाशिकच्या. पण टिळक आणि साने गुरुजी आत गेले तेच मुळात विद्वान म्हणून, लेखणी आधीपासून हातात होती, जेलने त्यांना सक्तीची सवड दिली इतकंच. ब्यापारींच्या बाबतीत उलटं आहे, सही करता न येणारा माणूस आत गेला आणि वाचणारा माणूस बाहेर आला. वाचणारा म्हणतोय मी, लिहिणारा नाही. हे अंतर महत्त्वाचं आहे आणि जेल-सुधारणावाले नेमकं इथेच उडी मारून पुढे जातात.

तेव्हा जेलने त्यांना सुधारलं का? माझं उत्तर नाही असंच आहे. जेलने वेळ दिला, आणि योगायोगाने शेजारी एक मास्तर दिला. तो मास्तर दुसऱ्या बराकीत असता तर आज आपण ही केस लिहीत नसतो.

रिक्षा, पुस्तकं आणि एक पॅसेंजर

बाहेर आल्यावर काम काय मिळणार, जेलमधून आलेल्या, नक्षल शिक्का असलेल्या, नमशूद्र माणसाला? जादवपूरच्या बाजूला सायकलरिक्षा ओढायला लागले. पण आता वाचनाची भयंकर चटक लागलेली. सीटखाली पुस्तक ठेवायचं, पॅसेंजर नसला की काढायचं, भाडं आलं की परत आत. जे हाताला लागेल ते, चांगलं वाईट कळायचा प्रश्न नाही, नुसता सपाटा. पुष्कळ वर्षांची भूक असल्यावर माणूस मेनू बघत बसत नाही.

त्याच भागात विजयगडला ज्योतिष राय कॉलेज आहे. एक दिवस तिथून एक बाई रिक्षात बसल्या, प्राध्यापक वाटल्या, म्हणून यांनी धीर करून विचारलं, जिजीविषा म्हणजे काय हो? पुस्तकात आला होता शब्द, अडला होता, विचारायला कोणी नव्हतं. बाईंनी सांगितलं, जगण्याची इच्छा. मग साहजिकच विचारलं की रिक्षावाल्याला हा शब्द भेटला कुठे. बोलणं वाढलं. बाई म्हणाल्या मी एक मासिक काढते, त्यात तुमच्यासारखे कष्टाची कामं करणारे लोक लिहितात, तुम्ही लिहाल का? आणि नाव-पत्ता दिला. नाव होतं महाश्वेता देवी, बंगालीतल्या मोठ्या लेखिका. त्या दिवशी सीटखाली जे पुस्तक होतं ते त्यांचंच.

सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू काय हे, जरा जास्तच होतंय. पण झालं ते असं, ब्यापारींनी स्वतः ते सांगितलेलं आहे. मला मात्र या प्रसंगातला योगायोग बाजूला ठेवून दुसरी गोष्ट दाखवायची आहे. ते मासिक म्हणजे बर्तिका. महाश्वेतादेवींचे वडील मनीष घटक ते काढायचे, ते गेल्यावर मुलीने ते हातात घेतलं आणि त्याचा अख्खा नूर पालटला. साहित्यिकांच्या कविता कमी, शेतमजूर, आदिवासी, कारखान्यातले कामगार यांनी स्वतःच्या जगण्याबद्दल स्वतः लिहिलेलं जास्त. म्हणजे त्या रिक्षात बाई नुसत्या कौतुक करून उतरल्या नाहीत, त्यांच्याकडे द्यायला एक रिकामं पान होतं, ठरलेलं, दर अंकाला निघणारं. कौतुक तर काय, आपण सगळेच करतो, अरे वा रिक्षावाला पुस्तक वाचतोय, फोटो काढूया.

जानेवारी १९८१ च्या अंकात पहिला लेख आला, रिक्षा चालवण्याबद्दल. भुकेवर कविता नाही, क्रांतीवर भाषण नाही, रिक्षा कशी ओढतात, दिवस कसा जातो, पैसे कोण घेतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, नवीन लिहिणाऱ्याला सांगायचं की बाबा तुला जे माहीत आहे आणि मला माहीत नाही ते लिही. लेखनशिबिरांत बहुतेक वेळा याच्या उलट चालतं, तिथे कैद्यांकडून पश्चात्तापावर निबंध लिहून घेतात आणि तो वाचून पाहुणे रडतात.

त्याच वर्षी, दुसरीकडे

१९८१ मध्येच अमेरिकेत अगदी याच विषयावरची दुसरी केस घडली, आणि ती ठेवल्याशिवाय ही केस कळत नाही. जॅक हेन्री अ‍ॅबट, वयाचा मोठा भाग तुरुंगात गेलेला, जेलमधून नॉर्मन मेलर या बड्या लेखकाला पत्रं लिहायचा. जबरदस्त पत्रं. त्याचं पुस्तक झालं, मेलरने प्रस्तावना लिहिली, पॅरोलसाठी शब्द टाकला, अ‍ॅबट सुटला आणि थेट न्यूयॉर्कच्या साहित्यिक पार्ट्यांत. सुटून काही आठवडे झाले आणि जुलैमध्ये त्याने एका हॉटेलात किरकोळ वादावरून तिथल्या तरुण कर्मचाऱ्याला भोसकून मारलं. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पुस्तकाचं भलंमोठं कौतुक छापून आलं होतं. पुढे तो जेलमध्येच २००२ ला गळफास घेऊन गेला.

लिहिण्याची ताकद बघायची तर अ‍ॅबट काही कमी नव्हता. त्याला प्रसिद्धी मिळाली, मोठा पाठीराखा मिळाला, आणि त्याने काहीच सावरलं नाही. ब्यापारींना त्याच वर्षी एका लहान मासिकात थोडीशी जागा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी परत रिक्षा. दोन केसवरून नियम काढू नये हे मला कळतं, दोघांची आयुष्यं, देश, जेल सगळंच वेगळं. तरी लेखनाने माणूस सुधारतो हे वाक्य या जोडीपुढे टिकत नाही एवढं नक्की. अ‍ॅबटला वाचक मिळाले पण रोजचं जगणं कसं करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं, ब्यापारींकडे रोजचं जगणं घट्ट होतं, नको इतकं घट्ट, त्यात लेखन वर येऊन बसलं.

मधली तीस वर्षं

पेपरातल्या गोष्टीत १९८१ नंतर एकदम बक्षिसंच येतात. प्रत्यक्षात काय झालं, तर माणूस छत्तीसगडला गेला. तिथे कामगार नेते शंकर गुहा नियोगींचं काम चालू होतं, दल्ली राजहराच्या लोखंडाच्या खाणीतले मजूर, त्यांची युनियन, मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून उभं केलेलं हॉस्पिटल. ब्यापारी त्या चळवळीत राहिले. माझ्या मते केसमधला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सत्तर साली हातात हत्यार असलेला माणूस आता अशा ठिकाणी होता जिथे भांडण तेवढंच कडक, पण मोर्चा, संप आणि दवाखाना या मार्गाने. अक्षरांनी जे केलं असेल ते केलं, पण रागाचं काय करायचं याची दुसरी शाळा ही होती. २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत नियोगींना झोपेत गोळ्या घालून मारलं. पुढे ब्यापारी कोलकात्याला परत आले.

आणि मग १९९७ पासून मुकुंदपूरच्या हेलन केलर बधिर विद्यालयात स्वयंपाकी. वर्षानुवर्षं. मोठमोठी पातेली, उष्णता, होस्टेलच्या मुलांचं दोन वेळचं जेवण, आणि त्यातून वेळ काढून लेखन. लिहित होते सतत, छोट्या मासिकांत येत होतं, पुस्तकं निघत होती, खपत नव्हती. लिहिणारा स्वयंपाकी म्हणून कोणी नोकरीत सूट देत नाही. आपल्याकडे एकदा लेख छापून आला की आता याचं भलं झालं असं समजून सगळे टाळ्या वाजवून निघून जातात, पण छापून आल्याने गॅस सिलिंडर येत नाही हो.

२००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली या अभ्यासू साप्ताहिकात त्यांचा एक लेख इंग्रजीत आला, बंगालीत दलित साहित्य आहे का या प्रश्नावर, अनुवाद मीनाक्षी मुखर्जींचा. मराठी वाचकाला प्रश्नच विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे दया पवारांचं बलुतं १९७८ सालचं, त्याआधी ढसाळ, त्याआधी बागूल आणि अण्णाभाऊ. पण बंगालमध्ये सुशिक्षित मंडळींचं म्हणणंच असं होतं की आमच्याकडे जात नाहीच, फक्त वर्ग आहे. त्यामुळे ब्यापारींना दोन दारं ठोठवावी लागली, एक जेलमधून आलेला माणूस म्हणून आणि दुसरं, जे अस्तित्वातच नाही असं सांगितलं जात होतं, ते जातीचं. दुसरं जास्त जड निघालं असावं असा माझा अंदाज.

२०१२ ला आत्मकथन आलं, इतिवृत्ते चांडाल जीवन. नावातच तो जुना, पुसलेला शब्द मुद्दाम परत आणलेला. २०१४ ला पश्चिमबंग बांग्ला अकादमीचा पुरस्कार. २०१८ ला शिप्रा मुखर्जींनी केलेला इंग्रजी अनुवाद, त्याला 'द हिंदू' या इंग्रजी पेपरचं हिंदू प्राइझ. त्याच वर्षी अरुणाव सिन्हांनी अनुवाद केलेली, नक्षल कैद्यांच्या जेलफोडीवरची कादंबरी, ती २०१९ ला जेसीबी प्राइझ या साहित्य पुरस्काराच्या शॉर्टलिस्टमध्ये. आता हिशोब करा, पहिला लेख १९८१, देशाने दखल घेतली २०१८. मधल्या काळात हा माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळला असता तर आपण म्हणालो असतो बघा, साक्षरतेने काही होत नाही.

राग गेला का

नाही गेला. मी का लिहितो, तर मी खून करू शकत नाही म्हणून, अशा अर्थाचं ते अनेकदा बोललेत. काही लोकांना हे ऐकून धक्का बसतो, त्यांना वाल्याचा वाल्मीकी हवा असतो, पूर्ण शांत, डोळे मिटलेला. मला उलट हे वाक्य फार प्रामाणिक वाटतं. माणूस सांगतोय की ज्यांनी माझं पोट मारलं त्यांच्यावरचा राग तसाच आहे, फक्त कागदावर उतरतोय. सुधारला म्हणजे आता अन्यायाबद्दल चिडत नाही अशी जर आपली व्याख्या असेल तर ब्यापारी अजिबात सुधारलेले नाहीत आणि त्यांनी सुधारूही नये.

पुढचं थोडक्यात. गुडघे गेले होते, ऑपरेशन झालं, पातेली उचलणं अशक्य झालं, तेव्हा हलकं काम मिळावं म्हणून त्यांनी सरकारकडे मागणी केली आणि २०२० मध्ये लायब्ररीत बदली झाली. म्हणजे मोठी बक्षिसं घेतल्यानंतरही हा माणूस चुलीसमोर उभा होता, हे जरा लक्षात घ्या. त्याच वर्षी पश्चिम बंगाल सरकारने दलित साहित्य अकादमी काढली, ते तिचे अध्यक्ष झाले. २०२१ ला तृणमूलच्या तिकिटावर हुगळी जिल्ह्यातल्या बलागड या राखीव मतदारसंघातून आमदार, प्रचारात रिक्षा होतीच. आमदार झाल्यावर फेसबुकवर आपल्याच पक्षातल्या स्थानिक लोकांबद्दल उघड लिहून वाद ओढवून घेतले. सत्तेच्या बाजूला गेलेला लेखक हा प्रश्न त्यांच्यावर टीका करणारे विचारतात, आणि विचारावाच. या केसला मी हॅपी एंडिंगचं लेबल लावणार नाही.

जेलमध्ये क्लास घेणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं असं कोणी विचारलं तर मी म्हणेन आत शिकवताय ते उत्तमच, पण बाहेर तुमचं बर्तिका कुठे आहे ते आधी सांगा. सुटल्यावर त्या माणसाचं लिहिलेलं कोण वाचणार, कोण दुरुस्त करून छापणार, आणि तोवर तो खाणार काय? यातलं शेवटचं तर महाश्वेतादेवींनाही सोडवता आलं नव्हतं.

स्वतः ब्यापारींनी याच मुद्द्यावर एक अख्खी कादंबरी लिहिली आहे, इमान. अरुणाव सिन्हांच्याच अनुवादात ती २०२२ ला जेसीबीच्या शॉर्टलिस्टमध्ये होती. आईच्या कडेवर, तान्हेपणी जेलमध्ये आलेला पोरगा, तिथेच आणि सरकारी सुधारगृहात वाढतो आणि विशीत सुटतो. सुटून येतो कुठे, तर जादवपूरच्या रेल्वे स्टेशनवर, कचरा वेचणाऱ्यांत. लोक वाईट वागतात असं नाही, उलट बरेच जण मदत करतात, तरी त्याला बाहेरचं जमत नाही आणि मनात एकच, परत आत कसं जाता येईल, निदान तिथे वेळेवर जेवण होतं. जेलवरचं इतकं वाचलंय मी, पण सुटकेनंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल इतक्या सरळ भाषेत कोणी लिहिलेलं सापडलं नव्हतं. क्लास घेणाऱ्यांनी सुटकेच्या आधी कैद्यांसोबत बसून हीच कादंबरी वाचावी असं मला वाटतं, आणि वाचताना जेलर साहेबांनाही बोलवावं.